ससा पुन्हा पुन्हा खाणं सोडतोय: दाढा, भूल आणि भुलीनंतरची पहिली रात्र

महिना-दीड महिना बरा जातो आणि परत तेच सुरू होतं. गवत टाकलं की ससा धावत येतो, एक काडी तोंडात धरतो, दोनदा चावतो आणि टाकून देतो. हनुवटी ओली असते, पुढच्या पायांची आतली लव चिकटलेली असते. लेंड्या आधी बारीक होतात, मग तुरळक. दवाखान्यात नेला की पुढचे दात कापून मिळतात, एक इंजेक्शन होतं, चार दिवस ससा खातो. पुढच्या महिन्यात आपण पुन्हा टोपली घेऊन त्याच बाकावर.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात ससे पाळणाऱ्यांकडून हे गाऱ्हाणं सारखं ऐकू येतं. आणि त्याला जोडून एक वाक्य ठरलेलं असतं: "दाढा घासायला भूल द्यावी लागते म्हणतात, पण सशाला भूल सोसत नाही." या भीतीपोटी लोक थांबतात. ससा वाळत जातो, शेवटी अंगात काही उरत नाही तेव्हा भूल दिली जाते, तो जातो, आणि वाक्य खरं ठरतं. माझं म्हणणं एवढंच, की सशाला भुलीपेक्षा उशीर जास्त महागात पडतो. पुढे लिहिलंय ते हा उशीर कसा टाळायचा आणि भूल द्यायचीच झाली तर आपल्या हातात काय काय असतं याबद्दल.

दुखणं बहुधा पुढच्या दातांत नसतं

सशाला २८ दात असतात. समोर दिसतात ते वर दोन, खाली दोन. वरच्या दोनांच्या मागे आणखी दोन चिमुकले दात लपलेले असतात. उरलेल्या २२ दाढा, आणि त्या आपल्याला दिसतच नाहीत. सगळे दात जन्मभर वाढतात. पुढचे आठवड्याला साधारण २ मिलिमीटर, दाढा त्याहून सावकाश. गवत चघळताना जबडा आडवा फिरतो आणि दाढा एकमेकींवर घासून झिजतात. ही झीज कमी पडली की खालच्या दाढांना जिभेकडे आणि वरच्या दाढांना गालाकडे धारदार कोपरे येतात. मग घास घेतला की जीभ कापते. म्हणून भूक असूनही ससा खात नाही, धावत येतो आणि काडी टाकून देतो.

दाढा वाढून तोंड नीट मिटेनासं झालं की पुढच्या दातांची गाठ चुकते आणि तेही वाढतात. आपल्याला तेवढेच दिसतात, तेवढेच कापले जातात, मूळ कारण मागे तसंच राहतं. ससा जन्मतःच आखूड तोंडाचा असेल, किंवा पडून जबड्याला मार बसला असेल, तर नुसत्या पुढच्या दातांचाही त्रास असू शकतो. पण ते ठरवायचं दाढा पाहिल्यावरच.

नेलकटरने किंवा पकडीने दात कापू नका, कुणाला कापूही देऊ नका. दात उभा चिरतो, चीर मुळापर्यंत जाते आणि काही आठवड्यांनी जबड्यात गाठ येते. सशाचा पू घट्ट असतो, कुत्र्याच्या गळवासारखा टाचणी लावली की वाहत नाही. पुढचे दात फिरत्या चकतीने कापता येतात आणि शांत सशाला त्यासाठी दरवेळी भूल लागतेच असं नाही.

दाढांची शंका घ्यायच्या खुणा अशा: एकाच डोळ्यातून सतत पाणी (वरच्या दातांची मुळं अश्रूनलिकेला दाबतात), खालच्या जबड्याच्या कडेला हाताला लागणारे उंचवटे, गवत सोडून मऊ तेवढंच खाणं, बुडाला चिकटलेल्या मऊ लेंड्या. या मऊ लेंड्या ससा एरवी स्वतःच खातो. तोंड दुखलं की किंवा वाकवत नाही म्हणून त्या राहून जातात आणि आपल्याला वाटतं, जुलाब लागले.

खाणं सोडायला दातांखेरीज इतरही कारणं असतात. उन्हाचा ताप, कमी चोथ्याचं खाणं, लव गळण्याच्या दिवसांतली बद्धकोष्ठता, लघवीतले खडे. म्हणून आधी तपासणी. जाग्या सशाच्या तोंडात कान तपासायची दुर्बीण घालून डॉक्टर पाहतात, पण त्यात सगळं दिसत नाही. गाल आत येतात, जीभ आड येते, ससा हलतो. "वरवर ठीक दिसतंय" म्हटलं गेलं आणि खुणा तशाच असल्या, तर भुलीखाली नीट तपासणी आणि कवटीचा एक्स-रे एवढाच रस्ता उरतो. मुळं उलट्या दिशेने हाडात वाढलीत का हे एक्स-रेशिवाय कळत नाही, आणि वाढली असतील तर वरून कितीही घासलं तरी दुखणं परत येणार.

भुलीची भीती किती खरी?

खरी आहे, पण आकडे नीट वाचायला हवेत. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात पाळीव जनावरांच्या भुलीची मोठी पाहणी झाली. त्यात आठ हजारांवर ससे होते. भुलीत किंवा तिच्यानंतर दगावलेले ससे १.३९ टक्के, कुत्रे ०.१७ टक्के, मांजरं ०.२४ टक्के. म्हणजे सशाला धोका कुत्र्याच्या आठपट. भीती वाटायला एवढं पुरेसं आहे.

पण त्याच पाहणीत सशांचे दोन गट वेगळे केले आहेत. तब्येतीने धडधाकट ससे: ०.७३ टक्के. आजारी ससे: ७.३७ टक्के. दहापट फरक. तोंड दुखतंय पण अजून खातोय, वजन टिकून आहे, असा ससा पहिल्या गटाच्या जवळ असतो. आठवडाभर उपाशी, डोळे खोल गेलेला ससा दुसऱ्या गटात. तोच ससा, तेच औषध, तोच डॉक्टर. तुम्ही टोपली कुठल्या दिवशी उचललीत, त्यावर ठरतं.

आणखी एक गोष्ट त्या आकड्यांत आहे आणि ती माझ्या मते जास्त कामाची. जे ससे दगावले त्यांतले बहुसंख्य टेबलावर दगावलेच नाहीत, काम संपल्यावर दगावले. म्हणजे टाके नाहीत, रक्त नाही, सगळं व्यवस्थित झालं म्हणून टोपलीत ठेवलं, त्यानंतर. हा वेळ बराचसा घरच्यांच्या हातातला असतो.

सशाला भूल अवघड का जाते? ससा नाकाने श्वास घेतो. जीभ जाड, तोंडाची फट अरुंद, आणि श्वासनलिकेचं तोंड आत इतकं लपलेलं की त्यात नळी घालणं सरावाशिवाय जमत नाही. जबरदस्ती झाली तर सूज येते. त्यात दातांच्या कामाला तोंड उघडं हवं, म्हणजे डॉक्टर आणि श्वास दोघांना एकाच अरुंद वाटेने जायचं. नाकात सर्दी-पडशाचे जंतू लपून असणं सशांत नेहमीचं, त्यामुळे वरून ठणठणीत दिसणाऱ्याचंही फुप्फुस कमजोर असू शकतं. छाती लहान, पोट मोठं. उताणा झोपवला की भरलेलं आतडं फुप्फुसावर येतं. अंग लहान म्हणून ऊब भराभर जाते. घाबरला की नुसत्या धसक्यानेही आतडं थांबतं. आयसोफ्लुरेन या भुलीच्या वायूचा मास्क जाग्या सशाच्या तोंडावर दाबला तर तो श्वासच रोखून धरतो, म्हणून जाणते डॉक्टर आधी गुंगीचं इंजेक्शन देतात.

कुणाकडे न्यायचं

आपल्याकडे जनावरांचे डॉक्टर म्हैस-गाय-शेळीत तयार झालेले, शहरात कुत्र्या-मांजरांत. त्यांची लाज काढायचं कारण नाही, रोज ससा येत नाही तर हात कसा बसणार? पण म्हणूनच आपण विचारायला हवं. बेळगावात काम होत नसेल तर कोल्हापूर साधारण ११० किलोमीटर, हुबळी-धारवाड त्याहून जवळ, घाट उतरून गोवा, आणि अवघड प्रकरण असेल तर पुणे. निपाणीकरांना कोल्हापूर जवळच.

फोनवर विचारायचं ते हे. महिन्याला किती सशांना भूल देता, आणि दाढांचं काम केलंय का? ऑक्सिजन लावता का? अंगाखाली ऊब कशी ठेवता? भूल उतरवायचं उलट औषध वापरता का? झायलाझिन-केटामाइन या इंजेक्शनच्या भुलीवर काम करणारे दवाखाने पुष्कळ आहेत. त्याने काम होतं, पण सशाला उठायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ तो थंड पडतो. मेडेटोमिडिनच्या जातीचं गुंगीचं औषध दिलं असेल तर त्याचा उतारा इंजेक्शनने देता येतो. वेदनाशामक काय आणि किती दिवस? आणि शेवटचा प्रश्न: ससा स्वतः खाईपर्यंत तुमच्याकडे राहील का?

एका प्रश्नाच्या उत्तरावरून बरंच कळतं. "रात्रीपासून उपाशी ठेवून आणू का?" असं विचारा. हो म्हणाले तर नम्रपणे पुढे शोधा. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे कुत्र्यासारखं पोट रिकामं ठेवायचं कारण नसतं. उलट उपासाने आतडं मंदावतं. तोंडात घास राहू नये एवढ्यापुरतं शेवटचा तासभर खाणं काढतात, तेही तिथेच, डॉक्टरांच्या सांगण्यावरून. सरावाने जुन्या डॉक्टरांनाही हे कधीकधी पटकन आठवत नाही, तेव्हा विचारायला संकोच नको.

दूर जायचं असेल तर सकाळची पहिली वेळ मागा आणि रात्री तिथेच मुक्काम करा. कोल्हापुरात पाहुणे नाहीत असं घर बेळगावात विरळाच. पावसाळ्यात गोव्याहून चोर्ला घाटातून भुलीतून नुकताच उठलेला ससा रात्री आणायचा बेत करू नका. धुक्यात गाडी थांबली की मागच्या सीटवर काय चाललंय ते दिसणारही नाही.

जायच्या आधी

वजन ग्रॅममध्ये हवं. औषधाचा हिशेब त्यावर असतो, आणि दीड किलोच्या जिवाला दोनशे ग्रॅमचा अंदाज चुकला तर औषध फार होतं. घरचा स्वयंपाकाचा काटा पुरत नसेल तर ओळखीच्या किराणा दुकानात टोपलीसकट वजन करून टोपली वजा करा. दुकानदार हसेल, हसू द्या.

ससा दोन-तीन दिवस अर्धपोटी असेल तर लगेच भूल नको म्हणा. आधी कातडीखाली कोमट सलाइन, वेदनाशामक, सिरिंजने भरवणं, आणि तब्येत सावरली की काम. एक-दोन दिवसांची ही थांबणूक उशीर नव्हे, तयारी आहे. एकदम खाणं सोडून पोट फुगलं असेल तर रक्तातली साखर पाहायला सांगा. ती ३६० मिलिग्रॅमच्या वर गेली असेल तर आतडं अडकल्याची दाट शंका असते आणि मग दाढांचा विचार नंतर.

बरोबर न्यायचं: घरचं गवत, नेहमीच्या गोळ्यांची पाकिटं, जुना टॉवेल. दोन ससे जोडीने राहत असतील तर दुसराही न्या. एकट्याला नेऊन वेगळ्या वासाने परत आणलं की जोडीदार चावतो, आणि जोडीदार जवळ असला की खाणंही लवकर सुरू होतं.

घरी आणल्यावर

उतरलेली भूल म्हणजे संपलेलं काम नव्हे. पहिले काही तास ऊब, शांतता आणि पोट या तीनच गोष्टी.

डिसेंबर-जानेवारीत बेळगावची रात्र सशाला एरवी आवडते, पण भुलीनंतर नाही. सशाचं अंग ३८.५ ते ४० अंश असायला हवं. ते ३८ च्या खाली गेलं की उठायला उशीर आणि आतडं थंड. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून एका कडेला ठेवा, म्हणजे नको वाटलं तर त्याला सरकता येईल. वीज गेली तरी बाटली चालते. शेगडी किंवा निखारे खोलीत नकोत, धुराने नाकाची वाट बंद होईल. कान थंडगार लागले तर ऊब वाढवा, मार्च-एप्रिलची दुपार असेल तर उलट उकडणार नाही हे पाहा.

उताणा धरू नका. पोटावर, डोकं किंचित वर, अशा बेताने ठेवा. कॉटवर, खुर्चीवर ठेवू नका. पाय लटपटतात आणि उडी मारली तर कणा मोडतो. केटामाइनमध्ये डोळे उघडे राहतात, म्हणून दवाखान्यात मलम घातलं होतं का ते विचारून घ्या. पाणी बाटलीऐवजी वाटीत द्या.

उठून बसला की लगेच समोर कोथिंबीर, पुदिना, ओलं गवत, जे त्याला सर्वांत आवडतं ते. दोन-चार तासांत तोंड लावलं तर उत्तम. नाही लावलं तर सिरिंज. आजारी सशांना भरवायची क्रिटिकल केअर नावाची तयार भुकटी मिळाली तर ती, नाही तर सशाच्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवून गाळल्यावर जी पेज होते ती. दर किलोमागे १० ते १५ मिलिलिटर एका वेळी, चार-सहा तासांनी. नक्की मात्रा डॉक्टरांकडून लिहून घ्या. सिरिंजचं टोक पुढच्या दातांमागच्या फटीत कडेने घालायचं, थोडं थोडं द्यायचं, चावून गिळू द्यायचं. पूर्ण शुद्धीत नसताना भरवायचं नाही, ठसका लागून फुप्फुसात जातं.

दुखतंय हे ससा ओरडून सांगत नाही. पाठ कमानीसारखी, डोळे अर्धे मिटलेले, दात करकर वाजवणं, कोपऱ्याकडे तोंड करून बसणं. मेलोक्सिकॅम या वेदनाशामकाचा कुत्र्याचा डोस सशाला बहुतेकदा कमी पडतो. पण म्हणून घरी मात्रा वाढवायची नाही, फोन करून विचारायचं. आपल्या घरातल्या अंगदुखीच्या गोळ्या तर नकोतच. अमॉक्सिसिलिनचं लहान मुलांचं सिरपही नको: तोंडातून दिलेली पेनिसिलिनच्या जातीची औषधं, तसंच क्लिंडामायसिन आणि लिंकोमायसिन, सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारून जीवघेणे जुलाब लावतात. चिठ्ठीवर यातलं काही तोंडाने द्यायला लिहिलं असेल तर डॉक्टरांना पुन्हा विचारा. स्टेरॉइडच्या बाबतीतही तसंच.

कशावर रात्रीच फोन करायचा? बारा तासांत एकही लेंडी नाही. सिरिंजनेही गिळत नाही. पोट ढोलासारखं ताणलेलं. तोंड उघडून श्वास. अंग गार आणि कान उभे राहत नाहीत. यातल्या शेवटच्या तिन्हीत सकाळची वाट पाहायची नाही.

पहिल्या लेंड्या बारीक, ओबडधोबड येतात, त्याने घाबरू नका. दोन-तीन दिवसांत आकार सुधारला पाहिजे. जीभ कापलेली असेल तर ससा आठवडाभर गवत टाळून मऊच खातो, हेही होतं.

मग पुन्हा का होतं?

कारण दाढांची ठेवण एकदा बिघडली की घासून ती मूळपदावर येत नाही. घासणं म्हणजे हिशेब शून्यावर आणणं, पुढची वाढ चालूच. काही सशांना सहा आठवड्यांनी, काहींना सहा महिन्यांनी परत लागतं. हे अंतर वाढवणं आपल्या हातात असतं आणि ते बहुतेक खाण्यातून.

दारात येणारा प्रत्येक पाहुणा सशाला काहीतरी भरवतो. चिरमुरे, बिस्कीट, चपातीचा तुकडा, गाजर, एखादा हौशी तर कुंदासुद्धा. या कशालाही दाढा आडव्या फिरवाव्या लागत नाहीत. सशाच्या पोटात दिवसभर गवत जायला हवं, ढिगाने. आयात केलेलं टिमोथी गवत परवडत असेल तर चांगलंच, पण हरळी आणि खानापूरकडचं रानातलं वाळलं गवतही चालतं. अट एकच, कुसळं नकोत. ती हिरडीत, जिभेखाली रुततात आणि दाढांच्या दुखण्याची हुबेहूब नक्कल करतात. भाताचं पिंजर अंथरायला ठीक, एकटं खायला घातलं तर पोट भरतं पण अंगी लागत नाही. लसूण घासात चुना (कॅल्शियम) जास्त, मोठ्या सशाला रोज नको. उसाची कोवळी वाडं, ज्वारीचे कोवळे पोंग टाळा, आणि फवारणी झालेल्या बांधावरचं काहीच नको.

आपल्याकडचा पाऊस ही खरी अडचण. जूनपासून चार महिने गवत ओलं, बुरशी धरलेलं. सुगीनंतर उन्हात कडक वाळवलेले भारे माळ्यावर हवेशीर ठेवले तर जुलै-ऑगस्टमध्ये कामी येतात. कुबट वास आला की तो भारा फेकायचा, झटकून घालायचा नाही.

दर आठवड्याला एकाच वारी वजन लिहा. वजन घसरायला लागलं पण ससा अजून खातोय, तेव्हाच दाढांची वेळ घ्या. बंद पडल्यावर घेतलेली वेळ म्हणजे ७.३७ टक्क्यांची रांग.

फक्त पुढचे दात वाकडे असतील, दाढा ठीक असतील आणि दर महिन्याला कापावं लागत असेल, तर सगळे सहा पुढचे दात काढून टाकण्याच्या ऑपरेशनबद्दल डॉक्टरांशी बोला. ऐकायला क्रूर वाटतं. पण ससा ओठांनी उचलून खायला शिकतो, गाजर-पाला चिरून द्यावा लागतो एवढंच, आणि पुन्हा पुन्हा धरपकड संपते. मूळ तुटून आत राहिलं तर दात परत उगवतो, म्हणून हे काम सरावाच्या हातांकडेच. दाढांची मुळं हाडात घुसून गळवं होत असतील तर मात्र गोष्ट वेगळी, तिथे दर थोड्या महिन्यांनी भूल देत राहायचं का, याचा विचार डॉक्टरांबरोबर मोकळेपणाने करावा लागतो.

प्रत्येक वेळी भुलीचा कागद मागून घ्या: कुठलं औषध, किती, किती वाजता दिलं, किती वाजता उठला, किती वाजता पहिला घास घेतला, कितीला पहिली लेंडी. पुढच्या वेळी डॉक्टर वेगळे असतील, कदाचित गावही वेगळं असेल. हा कागद पाहून ते मात्रा कमी-जास्त करतील. त्याचा फोटो मोबाइलमध्ये आणि एक झेरॉक्स टोपलीच्या खिशात ठेवा.